किसनरावांची घोटाई

किसनरावांना राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या उन्हाळ्यात मात्र कारणांचा ढीगच अंगणात येऊन पडला होता. एका कोपऱ्यात मुरूम, दुसऱ्यात गिट्टी, मधे रेती, आणि रेतीवर ऐसपैस बसलेली शेजारच्या आशाबाईची बकरी.

"ऊठ व माय! तुह्यासाठी गादी नाई टाकली हे!" किसनराव ओरडले.

बकरी उठली, अंग झटकलं आणि गिट्टीवर जाऊन उभी राहिली. किसनरावांनी हातातलं फावडं आपटलं. बकरीला काही फरक पडला नाही, फावड्याचा दांडा तेवढा ढिला झाला.

तेल्हाऱ्यातलं त्यांचं घर म्हणजे पुढे-मागे दोन खोल्या, पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर, मागच्या खोलीच्या दारासमोर अंगण, आणि अंगणाच्या पार पलीकडे संडास-न्हाणी. मधली जमीन काळी. ही काळी माती कपाशीला कितीही चांगली असली तरी माणसाच्या पायाची वैरीण आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती चप्पल काढून घेते. मागच्या पावसाळ्यात तिने किसनरावांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना खाली घेतलं. संडासला निघालेली बाई मधेच घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या तिथेच, लेकीकडे, दीपमालाकडे होत्या. आता वॉकर धरून चालत होत्या.

रोज फोन व्हायचा. जय भीम झालं की किसनरावांचा प्रश्न ठरलेला.

"मंग घरी कधी येतं?"

"इथं बरं हाये की."

"बरं हाये तं मंग आवाज असा काहून?"

एक दिवस पंचफुलाबाईंनी आवाज खाली घेतला. "कमी काई नाई वो. जवाई देवमानूस हाये. पन संडासले गेली की दीपमाला दारातच उभी रायते. म्हनते, कडी लावू नोको आई, आत पडली-गिडली तं दार तोडा लागन. दार नुसतं लोटून बसा लागते. बाहेर जवाई पेपर वाचून रायते. मले मेल्यावानी होते."

किसनराव म्हणजे जिनिंगच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनींमध्ये जन्म गेलेला माणूस, त्यांना हळू बोलता येत नसे. मग अशा वेळी ते गप्पच बसत.

"मले माह्या घरी येऊन कडी लावून बसाचं हाये," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पन त्या गाऱ्यातून कशी जाऊ? अंगन पक्कं करा. मिरगाच्या आधी झालं तं येतो. नाई झालं तं इथंच रायतो, आता काय करता."

अंगण पक्कं करतो हे किसनराव रिटायर झाल्यापासून म्हणत होते. म्हणत होते म्हणजे मनापासून म्हणत होते. फक्त ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही, स्वतः करायचं, असा त्यांचा हट्ट होता, आणि स्वतः करायचं म्हटलं की मुहूर्त लागत नसे. आयुष्यभर जिनिंगमध्ये फिटर असल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला खोलता येते आणि जोडता येते अशी त्यांची खात्री होती. खोलता येत असे, यात वाद नाही. घरातला पंखा त्यांनी दुरुस्त केल्यापासून वारा छताकडे फेकत होता. आणि भिंतीला टेकून उभा असलेला पाटा तर सगळ्या गल्लीला माहीत होता.

पाट्याची गोष्ट अशी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छन्नीने सगळीकडे बारीक खाचा पाडाव्या लागतात. नाहीतर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकत राहते. पूर्वी टाकी लावणारी बाई गल्लोगल्ली ओरडत यायची. मिक्सर आले आणि ती यायची बंद झाली. पंचफुलाबाईंना ठेचा पाट्यावरचाच लागे. "थांब, मीच लावतो," म्हणून किसनरावांनी छन्नी-हातोडा काढला आणि दुसऱ्याच ठोक्याला पाट्याचा कोपरा उडवला. तो तुटका पाटा पंचफुलाबाईंनी कधी फेकू दिला नाही. वाटत त्या त्यावरच, आणि वाटता वाटता नवऱ्याकडे बघत.

तरी या वेळी किसनरावांनी गवंड्याला विचारलं होतं, कारण वेळ कमी होता. मोतीराम मिस्त्री "उद्या येतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर "उद्या म्हणजे उद्याच" म्हणाला. नंतर त्याचा फोन बंद लागायला लागला. मग एका सकाळी तो बसस्टँडवर चहा पिताना सापडला आणि तोंडावर म्हणाला, "किसनभाऊ, एवढ्याशा अंगनासाठी मानसं घेऊन कोन येते? वरचा स्लॅब असता तं आलो असतो. तुमी तं पायाखाली टाकून राह्यले."

"नोको येऊ!" किसनराव भर स्टँडवर गरजले. "मीच टाकतो!"

म्हणाले खरं, आणि मग माती खणायला लागली. काळ्या मातीवर नुसतं काँक्रीट ओतलं तर पहिल्याच पावसात ती फुगते आणि वरचं सगळं फोडून टाकते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी ती माती काढायची, मग मुरूम भरायचा, पाणी मारायचं आणि धुम्मस घालून घालून तो ठोकायचा. उन्हात वाळलेली काळी माती कुदळीला दाद देत नव्हती. किसनराव शिव्या देत खणत, थोडं खणून झालं की मातीकडे बघून पुन्हा शिव्या देत. हाताला फोड आले, ते फुटले. धुम्मस उचलून आपटताना पाठीतून कळ निघे. आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस कुंपणाशी थांबून काहीतरी सांगून जाई. एक म्हणे मुरूम कमी पडला, दुसरा म्हणे जास्त झाला. तिसऱ्याने तर सगळं बघून, मान हलवून, एवढंच विचारलं, "काय करून राह्यले?"

"विहीर खोदून राह्यलो!" किसनराव म्हणाले.

मग पाण्याची भानगड. बोअरला पाणी होतं, पण खारपाणपट्ट्यातलं ते पाणी, जिभेला लावलं तरी तोंड वाकडं होतं. सिमेंटला ते चालत नाही. गोडं पाणी नळाचं, आणि नळ मनात आलं तर येणार. किसनरावांनी मिळेल तेव्हा पाणी भरून ड्रम साठवले, वरून झाकणं लावली. आणि काँक्रीट टाकायच्या आदल्या दिवशी बघतात तर एक ड्रम अर्धा. आशाबाईचा नवरा गोपाल बाजूलाच मोटारसायकल पुसत होता. गाडी लखलखत होती.

"गोपाल, हे पानी?"

"जरासं घेतलं किसनभाऊ. खाऱ्या पान्यानं गाडीले डाग पडतेत न."

किसनरावांनी ड्रमवर लाथ मारली, ती नेमकी अंगठ्याला लागली. लंगडत लंगडत ते घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. गोपालला मात्र लाज वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि आशाबाई दोघंही मदतीला हजर झाले. मदत म्हणजे कशी? ढाळ बघायला पाण्याने भरलेली नळी धरतात, एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी. पाणी घराकडे नाही, बाहेर मोरीकडे वळायला हवं, म्हणून हे माप नीट लागतं. दुसरं टोक गोपालने धरलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने हॅलो म्हणायला हात उचलला, नळी खाली पडली आणि तिच्यातलं सगळं पाणी मुरमात गेलं.

"तुह्या मोबाइलले आग लागो!"

"सासऱ्याचा होता, किसनभाऊ."

"सासऱ्याले बी लागो!"

पण काम झालं. कडेला फळ्या ठोकल्या, प्लास्टिक अंथरलं, त्यावर लोखंडी जाळी ठेवली. किसनराव फावड्याने माल कालवत होते, गोपाल घमेलं उचलत होता, आशाबाई डब्याने पाणी घालत होती. किसनराव "बस!" म्हणेपर्यंत ती नेहमी थोडं जास्तच घालायची. ऊन चढलं तसा माल घमेल्यातच आळायला लागला. एका ठिकाणी तो बसवेपर्यंत दुसरीकडे कडक होऊ लागला. किसनराव गुडघ्यावर बसून पट्टीने ओढत होते, मागे सरकत होते, आणि डोळ्यांत घाम जाऊन काही दिसत नव्हतं. जिनिंगमध्ये एकदा रुईला आग लागली होती तेव्हाही आपण इतके धावलो नव्हतो, असं त्यांना वाटलं. गोपाल दमून सावलीत बसला. त्याच्यावर ओरडायलाही किसनरावांच्या अंगात जोर उरला नव्हता.

मग मात्र ऊन उतरलं, माल जागेवर बसला, आणि किसनरावांनी घोटाई काढली. कोरडं सिमेंट भुरभुरायचं, ओल्या मालावर लोखंडी थापी दाबून फिरवायची, पुन्हा फिरवायची. घोटणं हे एकच काम होतं ज्यात घाई नव्हती आणि कोणी मधे नव्हतं. आणि त्यामागे एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. आशाबाईच्या नव्या घराची जमीन झाली तेव्हा पंचफुलाबाई पाहून आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "काय घोटली व माय! टिकली पडली तरी दुरून दिसते." असं त्या दुसऱ्याच्या वस्तूबद्दल कधी म्हणत नसत. किसनरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ते दारापासून संडासापर्यंतची जमीन घोटत होते, पाठ मोडेपर्यंत घोटत होते.

"आरशावानी झालं, भाऊजी!" आशाबाई म्हणाली. किसनरावांना तो दिवस चांगला गेल्यासारखा वाटला.

नंतर ओली पोती टाकली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, बकरी येऊ नये म्हणून कुंपणाच्या दाराशी खाट आडवी लावली. पोती काढली त्या दिवशी ते आत गेले. आरशाच्या कडेला पंचफुलाबाईंची एक जुनी लाल टिकली चिकटलेली होती, ती त्यांनी नखाने काढली आणि अंगणात टाकली. दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. दिसली. मग त्यांनी फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "ये आता!"

पंचफुलाबाई आल्या. जावई ललितरावांनी गाडी आणली होती. दीपमालाने सामान उतरवलं नाही, डिकीतच ठेवलं. तिचं आधीच ठरलं होतं. आईला अंगणातून नीट जाता आलं तर आई राहील, नाहीतर दिवस मावळायच्या आत परत अमरावतीला नेऊ. किसनरावांना ते ठाऊक होतं, पण त्यांना काळजी नव्हती. त्यांनी गाडी यायच्या जरा आधीच अंगण धुऊन काढलं होतं, मुद्दाम, चमकावं म्हणून, आणि टिकली पुन्हा मधोमध ठेवली होती.

पंचफुलाबाई रस्त्याकडच्या दाराने घरात येऊन थोडं बसल्या, पाणी प्यायल्या, मग वॉकर धरून अंगणाच्या दारात आल्या. अंगणाकडे बघून त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. "माय व," त्या म्हणाल्या. किसनराव बाजूला उभे होते, हात मागे बांधून.

पंचफुलाबाईंनी वॉकर पुढे टेकवला, एक पाऊल टाकलं. वॉकरची पुढची दोन्ही रबरं ओल्या सिमेंटवरून सर्रकन पुढे गेली. पंचफुलाबाई ओरडल्या. दीपमालाने मागून कमरेला मिठी मारली म्हणून बाई पडली नाही. वॉकर एकटाच घसरत घसरत पलीकडे जाऊन आडवा झाला.

दीपमालाने आईला दारातल्या खुर्चीवर बसवलं.

"बाबा, एवढं गुळगुळीत कोन करते?" दीपमाला म्हणाली. तिचा आवाज चढला होता, घाबरल्यामुळे. "आईले घसरगुंडी पाह्यजे होती काय?"

"मामाजी, रबराची चटई मागवता येते ऑनलाइन," ललितराव हळूच म्हणाले. "तोवर आई आमच्याकडेच राहतील."

"चटई तं गोळा होते पायात," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "गाडी काढा, ललितराव."

किसनरावांचा स्फोट झाला. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. माती, मुरूम, मोतीराम, गोपालचा सासरा, बकरी, फोड आलेले हात, सगळं. "आरशावानी केलं! आरशावानी! पाठ मोडली माही! सारी गल्ली पाहून गेली, कोनी म्हनलं नाई घसरन म्हनून! आता काय करू? फोडून टाकू काय?"

"टिकली पडली तरी दिसते म्हनली होती मी," पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांना अंगणाच्या मधोमध पडलेला तो बारीक लाल ठिपका दिसला होता. "ते घरातल्या जमिनीचं म्हनली होती. तुमी अंगनात केलं."

किसनरावांचा चेहरा पडला. इतका वेळ रागाने लाल असलेला तो माणूस अचानक म्हातारा दिसायला लागला, आणि दीपमालाला रडू आल्यासारखं झालं.

पंचफुलाबाईंनी भिंतीशी उभ्या असलेल्या पाट्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"टाकी लावा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"याले टाकी लावा. पाट्याले लावतेत तशी. मिरची सरकत नाई तं मी काहून सरकन? सारं नोका फोडू. माह्या चालन्यापुरतं, हितून तिथवर. पन हातोडा हळू. कोपरा उडाला तं मी गाडीत जाऊन बसन."

किसनराव आत गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन आले. पाट्याचा कोपरा उडवलेली तीच छन्नी. ते दाराशी उकिडवे बसले आणि त्यांनी पहिला ठोका मारला. आरशासारख्या जमिनीवर पांढरी खाच पडली. कोणी गालात चापट मारावी तसं त्यांचं तोंड झालं. त्यांनी दुसरा मारला.

दुपारचं ऊन भाजत होतं. डोक्याला ओलं फडकं बांधून ते ठोकत होते, थोडं सरकत होते, पुन्हा ठोकत होते. सिमेंटचे कण उडून डोळ्यांत जात होते. आवाज ऐकून आशाबाई कुंपणाशी आली आणि तिने कपाळावर हात मारला. "भाऊजी! आरशावानी होतं न! काहून खराब करून राह्यले?"

"घरी जा आशाबाई!" किसनराव खाली बघूनच गरजले.

खुर्चीतून हुकूम येत होते. "तिथं दाट करा. ते राह्यलं. एवढं खोल नोको, अंगठा अडकन." किसनराव पुटपुटत होते, ते काय पुटपुटत होते ते न सांगितलेलं बरं. ललितराव मधेच म्हणाले, "मी करतो थोडं, मामाजी," आणि किसनरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गाडी पुसायला निघून गेले. उन्हं कलायला लागली. दीपमाला सारखी घड्याळ बघत होती. संडासाच्या दाराशी पोचेपर्यंत किसनराव इतके दमले होते की शेवटचे ठोके वाकडेतिकडे पडले.

त्यांनी धूळ झाडली, वर पाणी ओतलं, कारण बघायचं तर ओल्यातच बघायला हवं. मग वॉकर उचलून आणून बायकोसमोर ठेवला.

पंचफुलाबाई उठल्या. वॉकर पुढे टेकवला. रबराने धरलं. एक पाऊल टाकलं, पाय राहिला. दुसरं टाकलं. दीपमाला मागोमाग निघाली तशी त्या न वळता म्हणाल्या, "तू तिथंच थांब." त्या खाचांच्या पट्ट्यावरून हळूहळू पुढे गेल्या, एकदाही न सरकता. किसनराव छन्नी हातात धरून बाजूला उकिडवेच बसले होते. त्यांच्याजवळून जाताना त्या म्हणाल्या, "पाट्याचं बी असंच हळू करता आलं असतं," आणि पुढे गेल्या.

दार लागलं. मग आतून कडी ओढल्याचा आवाज आला. इतके महिने एकट्या किसनरावांनी ती कधी लावली नसल्याने गंजली होती. किरकिरली, मधेच अडकली. पुन्हा ओढली आणि खटकन बसली.

दीपमालाने तोंडावर पदर धरला. मग ती गाडीकडे गेली आणि डिकीतून आईची पिशवी काढून घरात घेऊन आली.

किसनरावांनी हातोडा खाली ठेवला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण हळू बोलता येत नव्हतं. म्हणून ते अंगणातून ओरडले, "कडी लय आवाज करते! उद्या खोलून तेल टाकतो मी!"

आतून लगेच उत्तर आलं.

"हात नोका लावू त्या कडीले!"